मोजणीदार पाणी मागत नाही

टीव्हीवर मोजणीदाराची मालिका येणार आहे ही बातमी बाबांनी कारखान्यातून आणली. डबा खाली ठेवायच्या आधी त्यांनी ती सांगितली आणि आईने हातातली पळी तशीच धरून विचारलं, "आपला मोजणीदार?" जणू घरातलाच कुणी माणूस मुंबईला जाऊन नट झाला होता.

मोजणीदार हा बाबांच्या जुन्या रहस्यकथांचा नायक. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला, धोतर, काळा कोट, काखेत छत्री. खेड्यापाड्यांतल्या वाड्यांत, मळ्यांत खून झाला की कुणीतरी त्याला बोलावून आणायचं. त्याच्याजवळ पिस्तूल नव्हतं, तो कधी पळायचा नाही, कुणावर ओरडायचा नाही. घरात शिरला की ओटीवर बसायचा आणि पाणी मागायचा. पाणी कोण आणतं, कुणाच्या डोळ्यांकडे बघून आणतं, भांडं कुठलं निवडतं, देताना हात कापतो का, एवढंच तो बघायचा. पाणी पिऊन होईपर्यंत अर्धं घर त्याला कळलेलं असायचं.

ही पुस्तकं बाबांनी तरुणपणी रद्दीच्या दुकानांतून एकेक करून जमवली होती. खाकी कव्हरं घालून ती पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेली असत. मी शाळेत होते तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, सातपूरला आमच्या कॉलनीत संध्याकाळी दिवे हमखास जायचे. मग कंदिलाजवळ बसून बाबा मोठ्याने वाचायचे. मी पाय वर घेऊन बसायची. त्या गोष्टींत भूत नव्हतं, अंधारात लपलेला दरोडेखोर नव्हता. भीती वाटायची ती वेगळ्याच कारणाने. खून करणारा माणूस पहिल्या पानापासून त्याच घरात असायचा. सगळ्यांच्या पंगतीला जेवायचा, मेलेल्या माणसासाठी रडायचा, मोजणीदाराला हात धुवायला पाणी घालायचा. पुस्तक मिटलं की मी आमच्याच घरातल्या माणसांकडे जरा वेळ बघत राहायची.

टीव्ही आमच्याकडे आला तोवर मी मोठी झाले होते, औद्योगिक वसाहतीतल्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले होते. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे सगळी कॉलनी तिला 'बाई' म्हणायची. आमची घरं बैठी, दोन-दोन घरांत एक भिंत सामाईक. आमचं स्वयंपाकघर आणि शेजारच्यांचं स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून होतं. त्यांच्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाजही आम्हाला ऐकू यायचा. मागच्या अंगणात दोन्ही घरांत मिळून एक नळ होता.

शेजारी तिघं राहायची. सासू, मुलगा आणि सून. ती माणसं मूळची निफाडकडची, शेतीवाली. मुलगा एका कारखान्यात सुपरवायझर. त्याच्यात वाईट वाटावं असं काही नव्हतं. रस्त्यात बाबा दिसले तर तो स्कूटर थांबवून नमस्कार करायचा. सासूबाई मात्र नळाची तोटी आधी धुऊन घ्यायच्या आणि मगच हंडा लावायच्या, कारण आमचं घर बौद्धांचं. आई ते बघायची. ती फक्त आपला हंडा भरून झाला की तोटी स्वतःच धुऊन ठेवायला लागली. त्यावरही त्या पुन्हा धुवायच्या.

सून येवल्याची होती, पैठणी विणणाऱ्या घरातली. माझ्यापेक्षा एखाद्या वर्षानेच मोठी. मी तिला वहिनी म्हणायची, ती मला ताई. ती तोटी कधीच धुवायची नाही. सासू बघत असली तर नुसतं धुतल्यासारखं करायची.

मालिकेच्या पहिल्या दिवशी आमची खोली माणसांनी भरली. सासूबाईंनी आपला पाट घरून आणला आणि तो उंबऱ्यापाशी टाकला. त्या नेहमी तिथेच बसायच्या, बुद्धाच्या तसबिरीकडे पाठ करून, आणि चहाला नको म्हणायच्या. सून भिंतीशी माझ्याजवळ बसली. तिने चहा घेतला. वारा सुटला होता म्हणून शेजारचा मुलगा, तिचा नवरा, पत्र्यावर चढून अँटेना धरून उभा राहिला. टीव्हीवरच्या मुंग्या गेल्या आणि चित्र दिसायला लागलं.

आधी एक गाणं झालं. मग जीपमधून एक तरुण उतरला. डोळ्यांवर गॉगल, अंगात चामड्याचं जाकीट. त्याच्याबरोबर एक जाडा मदतनीस, तो उतरता उतरता पडला. बाबा मान पुढे काढून बघत होते. मोजणीदार कधी येतो याची वाट बघत होते ते. तो तरुण एका घरात शिरला आणि शिरल्या शिरल्या म्हणाला, "इथे खून झालेला आहे!" त्याने मागे दार लावलं तेव्हा आख्खी भिंत हलली, प्लायवुडची असावी. जमिनीवर पडलेल्या प्रेताची पापणी लवली. मुलं हसली.

"हाच का हो तो?" कुणीतरी विचारलं.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "चष्म्याचा दोष नाही."

सगळे हसले. पण मला त्यांचा चेहरा बघवेना. एवढ्यात माझ्या कानाशी, अगदी हळू, वहिनी म्हणाली, "पाणी मागितलंच नाय त्यानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर मी तिला गाठलं. "तुम्ही वाचलीत ती पुस्तकं?"

"मी नाय. आमच्याकडं काका वाचायचे. वडील आणि मोठा भाऊ मागावर बसायचे, मी आणि आई कांड्यांवर रेशीम भरायचो आणि काका वाचायचे. काका दमले की गोष्ट थांबायची, माग नाय थांबायचा." ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं होतं. "तुमच्याकडं ती विहिरीवाली गोष्ट हाय का?"

होती. पण पुस्तक घरी न्यायला ती तयार नव्हती. "नको. आत्याबाईंना आवडत नाय." सासूला ती आत्याबाई म्हणायची.

मग आमचं असं सुरू झालं. दर आठवड्याला मालिका बघायची आणि दुसऱ्या दिवशी नळावर ती खरी गोष्ट एकमेकींना सांगायची. मालिकेने काय काय गाळलं होतं याची यादी आम्ही करायचो. घरं गाळली होती, पाऊलवाटा गाळल्या होत्या, बायकांची बोलणी सगळी गाळली होती. मोजणीदार ज्यांच्याशी सगळ्यात जास्त बोलायचा त्या म्हाताऱ्या, मोलकरणी, विधवा, त्यातली एकही नव्हती. बाबा तरीही दर वेळी टीव्हीसमोर बसायचे. "बंद करू का?" आई विचारायची. ते म्हणायचे, "असू दे. पुढच्या वेळी सुधारेल."

पावसाळा संपला तशी वहिनी वाळत चालली. आधी वाटलं काम फार पडतंय. मग एकदा हंडा उचलताना तिची बाही वर गेली आणि मला दंडावरचा डाग दिसला, चार बोटांचा. मी बघितलं हे तिने बघितलं. बाही खाली ओढली आणि निघून गेली.

त्याच सुमाराला सासूबाई बोलायला लागल्या. एरवी मोजकं बोलणारी ती बाई आता दिसेल त्याला एकच सांगायची. आईला त्यांनी अंगणात गाठलं. "बाई, आमच्या सूनबाईचं लक्ष ठिकाणावर नसतंय बघा. परवा पदर पेटता पेटता ऱ्हायला. स्टोव्हला पंप मारती तर मारतीच. लय भीती वाटती मला."

"वातीचा घ्या स्टोव्ह," आई म्हणाली.

"तसं नव्हं ओ. तिचं डोकंच..." आणि त्यांनी बोट कानाजवळ फिरवून दाखवलं.

दोन दिवसांनी बाबा दळण घेऊन आले. पिठाचा डबा ठेवला आणि म्हणाले, "गिरणीवाला मला सांगत होता, तुमच्या शेजारची सून एक दिवस जाळून घेईल म्हणे. त्याला हे कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? त्यांनीच. वाण्यालाही सांगितलंय," मी म्हटलं.

बाबा खाटेवर बसले. "जे झालेलंच नाही ते आख्ख्या गावाला सांगत फिरायचं कारण काय?"

"पुस्तकं ठेवा बाजूला," आई म्हणाली. पण तिचे कणीक मळणारे हात थांबले होते.

विहिरीची गोष्ट टीव्हीवर आली तेव्हा थंडी पडली होती. गोष्ट अशी. एका सधन घरातली धाकटी सून विहिरीत सापडते. सगळं गाव म्हणतं, ती वेडसर होती, विहिरीच्या काठावर पाय सोडून बसायची. मोजणीदार प्रत्येकाला विचारतो, तुम्ही तिला बसलेलं पाहिलंत का? कुणीच पाहिलेलं नसतं. सगळ्यांनी ते ऐकलेलं असतं, आणि ज्याच्याकडून ऐकलेलं असतं तो एकच माणूस निघतो. तिचा थोरला दीर. घरातला कर्ता. सासूला सगळं माहीत असतं.

मालिकेत त्यांनी खुनी बदलला. शेवटच्या भागात गॉगलवाल्याने जीपने पाठलाग करून एका बांगड्या विकणाऱ्या फिरस्त्याला पकडलं. दीर हात जोडून म्हणाला, तुमचे उपकार कसे फेडू. सासूने त्याला ओवाळलं. गाणं लागलं.

"मी म्हणलं नव्हतं?" उंबऱ्यावरून सासूबाई म्हणाल्या. "बाहेरचाच कुणीतरी असणार. घरातलं माणूस असं करतं का कुठं?"

"पुस्तकात दीर हाय," वहिनी म्हणाली.

ती एवढ्या मोठ्याने कधी बोलायची नाही. खोलीतले सगळे तिच्याकडे वळले. तिने टीव्हीवरची नजर हलवली नाही.

"पुस्तकात घरातलीच माणसं हायेत. सासूला ठाऊक असतं. ती येडी हाय म्हणून त्यांनी आधीच सगळीकडं सांगून ठेवलेलं असतं. म्हणजे नंतर कुणी विचारायला नको."

जाहिरात सुरू झाली होती, त्यात एक लहान मूल दात घासत होतं. तिचा नवरा दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर रागाचं चिन्ह नव्हतं. तो तिच्याकडे असा बघत होता की जणू एखादी वस्तू कुठे ठेवावी याचा विचार करतोय. सासूबाई उठल्या, पाट उचलला.

"चल," त्या म्हणाल्या. "दूध उतू जाईल."

त्या दिवसानंतर वहिनी दिसली नाही. नळावर सासूबाई स्वतः यायला लागल्या. त्यांच्या स्वयंपाकघराचं अंगणाकडचं दार बंद झालं, कडीला कुलूप लागलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "उंदीर शिरत्यात." भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज यायचा, म्हणून ती आत आहे एवढं कळायचं. मी एकदा भिंतीवर लाटणं वाजवलं. पलीकडून काहीच आलं नाही. मग खूप वेळाने, अगदी हलकं, वाटी आपटल्यासारखं काहीतरी आलं. ते उत्तर होतं की नुसतीच वाटी, मला सांगता आलं नसतं.

बाबा चौकीवर जाऊन आले. तिथल्या हवालदाराने त्यांना बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालंय काय पण?"

"अजून काही नाही."

"मारहाणीची तक्रार तिनं केलीये?"

"ती बाहेरच येत नाही."

"मग साहेब, मी लिहू काय? शेजाऱ्याची सून टीव्ही बघून काहीतरी बोलली, असं?"

बाबांनी हे आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. चप्पल घातलेलीच होती. ती काढायचं त्यांना सुचत नव्हतं.

थंडी ओसरल्यावरचा एक रविवार होता. जेवणं झाली होती, ऊन तापलं होतं. आई भांडी पालथी घालत होती. एकाएकी ती थांबली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "वास येतोय का गं तुला?"

येत होता. रॉकेलचा. नुसता स्टोव्ह भरताना येतो तसा नव्हे. दाट वास होता.

आईने पदराला हात पुसले. "मी शेजारी जाऊन येते."

एवढ्या वर्षांत ती त्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी गेली नव्हती. पुढे काय झालं ते तिनेच नंतर सांगितलं, आणि बरंचसं मी भिंतीला कान लावून ऐकलं. तिने दार वाजवलं नाही, ढकललं. मुलगा पेपर वाचत बसला होता, सासूबाई सुपारी कातरत होत्या. आई सरळ आत जाऊन त्यांच्या खुर्चीवर बसली.

"ऊन लागल्यासारखं झालंय," ती म्हणाली. "जरा पाणी द्या."

सासूबाईंचा अडकित्ता थांबला. ह्या बाईने आपल्या घरात पाणी मागावं हेच त्यांना कळेना. त्या उठायला लागल्या.

"तुम्ही कशाला उठता? सूनबाई आणेल की."

मुलाने पेपर खाली ठेवला. मग आईला दिसलं, स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरच्या बाजूने नवी कडी बसवलेली होती आणि ती लावलेली होती. मुलाने माझ्या आईकडे बघितलं, मग स्वतःच्या आईकडे. सासूबाईंनी कडी काढली.

वहिनी पाणी घेऊन आली. आमच्यासारख्यांसाठी बाजूला ठेवलेल्या पेल्यात नाही, तर माहेराहून आणलेल्या तिच्या चांदीच्या फुलपात्रात. तिचे हात कापत नव्हते. आई म्हणायची, तेच सगळ्यात वाईट होतं. साडीचा खालचा भाग ओला होता, निऱ्या पायांना चिकटल्या होत्या, आणि ते पाणी नव्हतं.

"साडी ओली कशाने झाली?"

"सांडलं असंल," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला मी सांगत नव्हते का? लक्षच नसतंय."

आई घोट घोट पाणी पीत राहिली. मुलगा उठून उभा राहिला. अगदी नम्रपणे म्हणाला, "बाई, झालं का पाणी पिऊन?"

"नाही. अजून एक भांडं लागेल." आणि मग आईने वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावा असा आवाज काढला. "अगं ए, इकडे ये! बाबांना घेऊन ये! आणि समोरच्या मावशींना पण बोलाव!"

तो आवाज आख्ख्या ओळीने ऐकला. मी आणि बाबा पोचलो तोवर दोन-चार बायका दारांत आल्या होत्या. बाबा बनियनवरच होते.

"हिच्या वडिलांची तब्येत बरी नाही," आई सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आमच्याकडे निरोप आलाय. आम्ही हिला येवल्याला घेऊन चाललोय."

"आम्हाला नाय आला निरोप," सासूबाई म्हणाल्या.

"मी सोडतो उद्या," मुलगा म्हणाला.

"आमची मुलगी आजच निघालीये तिकडे," बाबा म्हणाले. "ऑफिसच्या कामाला."

"रविवारी?"

बाबांना खोटं बोलता यायचं नाही. दाराच्या चौकटीला हात लावून ते नुसते उभे राहिले. बाहेर बायका वाढत होत्या. मुलाने एकदा त्या सगळ्यांकडे बघितलं आणि हसला.

"न्या की. आमची काय ना?" मग बायकोकडे वळून म्हणाला, "परत यायचं असेल तर विचार करून पाय टाक."

ती फुलपात्र हातात घेऊन तशीच बाहेर आली. आमच्या घरी तिने माझी साडी नेसली. तिची साडी आईने बादलीत टाकली आणि अंगणाच्या लांबच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. बाबा आमच्याबरोबर आले नाहीत. शेजारच्या दारासमोर स्कूटर उभी होती. बाबा आपल्या पायरीवर पेपर घेऊन बसले, त्या स्कूटरकडे तोंड करून. आम्ही परत येईपर्यंत ते तिथून उठले नव्हते, जेवलेही नव्हते.

येवल्याच्या गाडीत आईने तिला खिडकीशी बसवलं नाही, आम्हा दोघींच्या मध्ये घेतलं. शहर मागे पडलं, द्राक्षांचे मांडव सुरू झाले. प्रत्येक थांब्यावर गाडी हळू झाली की तिची बोटं माझ्या मनगटात रुतायची. निफाडला एक माणूस चढला, पांढरा शर्ट, तशीच अंगकाठी, आणि ती एकदम खाली वाकली. तो दुसराच कुणी होता. तिकीट काढून झोपला. पण पुढे कितीतरी वेळ आम्ही तिघीही त्याच्याकडेच बघत होतो. मागून स्कूटरचा आवाज आला की आई मान वळवायची.

विंचूर गेल्यावर ती बोलली. आवाज साधाच होता, नळावर गोष्ट सांगायची तसाच.

"रॉकेल ह्यांनीच सांडलं. सकाळी. मी फडकं घेतलं तर म्हणाले, राहू दे, पुसू नको. मग कॅनमधलं अजून थोडं माझ्या पायांवर. जेवणं झाली. मग आत्याबाई म्हणाल्या, चहा टाक. आणि बाहेरून कडी घातली. मी म्हटलं, डोकं दुखतंय, जरा वेळानं टाकते. त्या म्हणाल्या, टाक वेळानं, आम्हाला घाई नाय. मी काडेपेटी घेऊन बसले होते."

आईने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"मूल नाय झालं ना," ती म्हणाली. "निफाडची एक मुलगी बघून ठेवलीय. फोटो मी पाह्यलाय. चांगली हाय दिसायला."

येवल्यात गल्लीत शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. घराघरातून मागांचा आवाज येत होता. तिच्या वडिलांनी आम्हाला दारात बघितलं आणि हात थांबवला. ते मागाच्या खड्ड्यातून वर आले, मुलीजवळ गेले आणि पदराचा काठ दोन बोटांत धरून बघितला.

"ही साडी कुणाची?" त्यांनी विचारलं.

मग ती रडली.

पुढचं सगळं सरळ झालं नाही. नवरा नात्यातली चार मोठी माणसं घेऊन येवल्याला गेला. सासूबाई तिथे खूप रडल्या. वडिलांनी सगळ्यांसमोर मुलीला विचारलं, जायचंय का? ती नाही म्हणाली. पुराव्याला एक साडी होती, आणि ती आमच्या अंगणातल्या बादलीत होती. वकिलाने सांगितलं, साडीवर रॉकेल कुणाच्याही पडतं. सोडचिठ्ठी मिळायला काही वर्षं गेली.

कॉलनीत आम्हाला नावं ठेवणारे कमी नव्हते. ज्या बायका त्या दिवशी दारात उभ्या होत्या त्यांच्यातल्याही काहीजणी म्हणायच्या की बाईंनी दुसऱ्याचं घर मोडलं. टीव्हीवरच्या त्या फालतू मालिकेने पोरीचं डोकं फिरवलं आणि ह्यांनी तेल ओतलं. आमच्याकडे टीव्ही बघायला येणारी माणसं निम्मी झाली. मालिका चालूच होती. बाबा आता एकटेच बसून बघायचे.

"एवढी वाईट आहे तरी बघता?" मी एकदा विचारलं.

"त्यांनी नीट केली असती," बाबा म्हणाले, "तर त्या दिवशी ती काही बोलली असती का?"

शेजारची माणसं त्याच वर्षी घर सोडून गोदावरीपलीकडे कुठेतरी राहायला गेली. जाताना मुलाने स्कूटर थांबवून बाबांना नमस्कार केला. पुढे कळलं की त्याचं दुसरं लग्न झालं. मुलगी निफाडची. तिचं नाव आम्हाला कळलं नाही, घर कुठे ते कळलं नाही. आईने तिच्या शाळेतल्या बायकांकडे चौकशी केली, मुलांच्या पालकांना विचारलं, काही पत्ता लागला नाही. एवढ्या मोठ्या शहरात एक सून शोधायची कशी?

तेव्हापासून आईला एक सवय लागली. सकाळी पेपर आला की ती पहिलं पान बघायची नाही. आतल्या पानावर खाली बारीक अक्षरात बातम्या असत, स्टोव्हच्या भडक्याने विवाहितेचा मृत्यू. त्या काळात त्या इतक्या असायच्या की लोकांची नजर त्यांच्यावरून घसरून जायची. आई त्या बोट ठेवून वाचायची, गाव, वय, माहेर. मग पेपर घडी करून बाबांना द्यायची. तिने काय शोधलं ते आम्ही तिला कधी विचारलं नाही, आणि ती बोलली नाही म्हणजे सापडलं नाही असं आम्ही धरून चालायचो.

वहिनी येवल्यातच राहिली, भावाबरोबर मागावर बसली. पुढे तिच्या हातची पैठणी मागून नेणारी गिऱ्हाइकं झाली. माझ्या लग्नानंतर मी एकदा तिच्याकडे गेले, पावसाचे दिवस होते. तिने मला जेवायला ठेवून घेतलं. घरात चांगलं ऐसपैस स्वयंपाकघर होतं, पण चूल मागच्या अंगणात होती, चार बांबूंवर टाकलेल्या पत्र्याखाली, चारही बाजूंनी उघडी. पाऊस आडवा येत होता आणि लाकडं धुरत होती. तिची भावजय मला म्हणाली, "किती सांगितलं आत घे म्हणून. बारा महिने अशीच करती."

वहिनीने मान वर केली नाही. ती भाकरी थापत होती. मी पाट ओढून तिच्याजवळ पत्र्याखाली बसले आणि आम्ही दोघी तिथेच जेवलो.